पुन्हा उकळले म्हणजे अन्न निर्धोक होते का?

उरलेले अन्न खळखळून उकळले की ते निर्धोक होते, आणि ज्याने वर्षानुवर्षे स्वयंपाकघर सांभाळले आहे त्याला अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणाची वा प्रमाणपत्राची गरज नसते, हा समज अन्नव्यवसायात फार जुना आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही आहे.

शिजवलेला भात घ्या. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. पातेले ओट्यावर तसेच राहिले, की कोमट भातात ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करू शकतात. हे विष १०० अंश सेल्सिअसलाही नष्ट होत नाही. त्यामुळे भात वाफाळता वाढला तरी खाणारा आजारी पडू शकतो. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येईल, असा भरवसा मुळीच धरता येत नाही.

प्रशिक्षणात नेमके हेच समजावले जाते: साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न एक तर त्याहून गरम ठेवावे, किंवा उथळ भांड्यांत पसरून लवकर थंड करावे व फ्रिजमध्ये ठेवावे. अनुभवाचे मोल मी कमी लेखत नाही, हाताला चव त्यातूनच येते. परंतु मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी तासाभराने किती तापमान उरले आहे, हे अनुभवी हातालाही तापमापक आत खुपसल्याविना सांगता येत नाही. अनेक ठिकाणी प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती संपल्यावर प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागते.