बावीस क्रेडिटचं ओझं नेमकं कुठे पडतं?

सेमिस्टर संपायला पंधरा दिवस उरले की बीएस्सीच्या होस्टेलमध्ये जवळपास प्रत्येक खोलीत हेच दिसतं. कॉटवर चार विषयांच्या प्रॅक्टिकलची जर्नल्स पसरलेली, एकाचं पूर्ण झालेलं जर्नल मधोमध उघडं आणि बाकीचे दोघं त्यातलं ‘एम, अ‍ॅपरेटस, प्रोसिजर’ जसंच्या तसं उतरवून घेतायत. रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी सही हवीय. या मुलांना आळशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आधी हिशेब करू. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं. त्यात वर्गातले तास, प्रॅक्टिकल आणि घरचा अभ्यास सगळं आलं. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. २२ क्रेडिटचे झाले ६६० तास. ते १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४४ तास, म्हणजे रविवार धरूनही रोज सहा तासांच्या वर. लोकलचा प्रवास किंवा अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांनी हे कुठून काढायचे?

तरीही नुसत्या क्रेडिटच्या आकड्यानं मार्क घसरतात असं नाही. अमेरिकेत हवाई विद्यापीठानं २०१२च्या सुमारास विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १२ऐवजी १५ क्रेडिट घ्यायला सुचवलं. जास्त क्रेडिट घेणाऱ्यांचे ग्रेड काही खाली आले नाहीत. अर्थात जास्त विषय घेण्याचं धाडस करणारी मुलं बऱ्याचदा आधीच तयारीची असतात, हे विसरून चालणार नाही.

ओझं खरं पडतं ते अभ्यासाच्या पद्धतीवर. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या मार्टन आणि सेल्यो या संशोधकांनी १९७६मध्ये दाखवलं, की तोच मजकूर काही जण अर्थ शोधत वाचतात, तर काही जण विचारलं जाईल तेवढंच लक्षात ठेवत. काम डोक्यावरून जातंय असं वाटलं की मुलं या दुसऱ्या वाटेला लागतात, हे पुढच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं.

आणि ही वाट फसवी आहे, कारण ती लगेच फळ देते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले. मग एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं मात्र पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिलेल्यातलं ५६.

जागरणाचंही तसंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८८ विद्यार्थ्यांच्या मनगटावर सेमिस्टरभर झोप मोजणारं यंत्र होतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मार्कांशी संबंध दिसला नाही. आधीच्या महिनाभराच्या नियमित झोपेचा दिसला.

म्हणून चार विषयांच्या सबमिशन एकाच आठवड्यात ठेवणाऱ्या वेळापत्रकाबद्दल मला राग येतो. क्रेडिट तेवढेच ठेवून तारखा सेमिस्टरभर पांगवता येतात. विभागप्रमुखांनी एकदा एकत्र बसायचं काम आहे. आणि विद्यार्थ्याच्या हातात आहे ते हे: प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी वही मिटून त्या प्रयोगाची प्रोसिजर आठवून लिहायची, अडलं तिथेच वही उघडायची. पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि जर्नलचं ते पान तिथेच पूर्ण होतं.