आईबाबांची ग्रीन कार्डची मुलाखत: ठाण्याहून बीकेसीला निघण्याआधी

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, "मुलाकडे कायमच्या राहायला जाताय ना?" काकू चटकन म्हणाल्या, "छे छे, सहा महिन्यांत परत येणार. इथे घर आहे, लेक आहे, गणपती असतात." टुरिस्ट व्हिसाच्या दोन मुलाखतींत हेच घोकून गेल्या होत्या. तिथे परत येणार हे पटवून द्यावं लागतं, इथे अर्जच कायमच्या वास्तव्याचा. अधिकारी भला होता. त्याने तोच प्रश्न मराठीत, सावकाश पुन्हा विचारला म्हणून निभावलं.

मी वकील नाही आणि एजंटही नाही. नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. मुलं अमेरिकेत असलेल्या ओळखीपाळखीच्यांच्या फायली लावून देतो. त्या कुठे अडतात ते पाहून पाहून पाठ झालंय, तेच इथे लिहितोय.

पात्रतेचं थोडक्यात. बोलावणारा मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक हवी आणि वय किमान २१. स्वतः नुसत्या ग्रीन कार्डावर असलेल्या मुलाला आईवडिलांना बोलावता येत नाही. आई आणि वडील यांचे आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचे) अर्ज वेगवेगळे. आईच्या अर्जात बाबा 'सोबत' येत नाहीत, आणि घरी राहिलेला धाकटा भाऊ तर नाहीच नाही. या वर्गाला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखी वर्षानुवर्षं रांग लागत नाही. अर्ज मंजूर झाला की नॅशनल व्हिसा सेंटरची फी (माणशी ३२५ डॉलर, शिवाय आर्थिक हमीच्या तपासणीचे १२०), मग डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग कागद अपलोड, मग बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कॉन्सुलेटमधली मुलाखतीची तारीख.

आता जन्मदाखला. सत्तरीतल्या आईचा जन्मदाखला नसतोच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, लागू झाला १९७० पासून. त्याआधी खेड्यात घरी जन्मलेल्या मुलीची नोंद कोण करत होतं? अशा वेळी जन्माची नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो, आणि तोही जन्मगावच्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा. ठाणे महापालिकेत रांग लावून उपयोग नाही. जन्म साताऱ्याकडचा असेल तर तिकडेच जायचं. ग्रामसेवकाचं ठरलेलं उत्तर: "नोंदच नाही तर दाखला कसला देऊ?" अहो, नोंद नाही एवढंच लिहून हवंय! लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सोबत गावात ज्याचं वजन आहे असा माणूस न्या. हे शेवटचं कुठल्याही नियमात नाही, पण काम त्यानेच होतं. त्याआधी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकही, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बघून घ्या. कधी कधी तिथे नोंद सापडते, फक्त बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी'. ती सापडली तर नक्कल जरूर घ्या, पण नाव नसल्यामुळे तेवढ्यावर भागेल असं धरून चालू नका.

नोंद नसल्याच्या दाखल्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. प्रतिज्ञापत्र करणारे आईचे आईवडील, ते हयात नसतील तर जवळचा नातेवाईक, आणि हा नातेवाईक आईपेक्षा वयाने मोठा हवा. लोक धाकट्या मामाची सही घेऊन येतात आणि परत जातात. पंचाहत्तरीच्या बाईपेक्षा मोठं, धडधाकट, सही करू शकणारं माणूस शोधणं हे खरं काम. ठाण्यात एका आजीसाठी त्यांच्या ८४ वर्षांच्या चुलतबहिणीला खुर्चीत बसवून नोटरीकडे नेलं होतं. प्रतिज्ञापत्रात त्या माणसाचं नातं, ओळख किती जुनी, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईच्या दोन्ही पालकांची नावं यायला हवीत. टायपिंगवाल्याचा तयार मजकूर यात नेहमी काहीतरी गाळतो.

एक जूनचं तर काय सांगावं. एका पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तो टाकला. पासपोर्टवरही तोच. आई मुलाखतीत सांगते, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाले मी." खरं तेच आहे, पण आधी पासपोर्टवरची तारीख सांगायची, आणि खोदून विचारलं तर शाळेत कशी लागली तेही सरळ सांगायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

नावांचाही असाच घोळ. माहेरची कुसुम सासरी वैशाली झाली, शाळेच्या दाखल्यात आडनाव वेगळं, बँकेत तिसरंच. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं आहे ते सर्वांत आधी बघा, कारण आईचं नातं तोच कागद सिद्ध करतो. वडिलांसाठी त्याच्या जोडीला आईवडिलांचा विवाह दाखला लागतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद बहुतेकांनी केलेलीच नसते. ती आता उशिरा करता येते. लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो जपून ठेवला असेल तर देव पावला. मुलाच्या दाखल्यात त्याच्या स्वतःच्या नावाचा रकाना कोरा असेल तर ते आधी निस्तरा. कायद्यात नाव नंतर घालायची मुदत नोंदणीपासून १५ वर्षांची आहे, त्यापुढे कार्यालयात खेटे आलेच. मराठी कागदांच्या इंग्रजी भाषांतरावर भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून घ्यावं लागतं.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवेतून ऑनलाइन अर्ज करून मिळतं. पासपोर्टवर डोंबिवलीचा जुना पत्ता आणि राहणं घोडबंदर रोडला असेल तर आधी ते निस्तरा. व्हिसासाठी ते दोन वर्षं चालतं. सहा महिन्यांत संपतं असं समजून दर खेपेला नवं काढत बसू नका. खरी गोम निराळीच. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या कुठल्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलं असेल तर तिथलंही पोलीस प्रमाणपत्र लागतं. १९८० च्या सुमारास मस्कतला तीन वर्षं नोकरी केलेले बाबा हे सांगायचंच विसरतात. हे डीएस-२६० भरतानाच बाहेर यायला हवं, कारण त्यात सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. मुलगा न्यू जर्सीत बसून आठवेल तसं भरतो, आणि आईला लालबागची चाळही आठवत असते. फॉर्म पाठवण्यापूर्वी एकदा व्हिडिओ कॉलवर आईबाबांना वाचून दाखवा. पूर्वी व्हिसा नाकारला होता का, या प्रश्नाला वीस वर्षांपूर्वीचा नकारही धरायचा.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरकडेच, मुलाखतीआधी. आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसला तर थुंकीचे नमुने तीन दिवस द्यावे लागतात आणि कल्चरला (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघायला) साधारण आठ आठवडे जातात. आजी "मला कधी काही झालं नाही" म्हणतात आणि नातीला पाकिटात जुनं औषधपत्र सापडतं. औषधांचा कोर्स पूर्ण केल्याचे कागद असतील तर ते डॉक्टरला दाखवाच.

आर्थिक हमी, म्हणजे आय-८६४, मुलाची. उत्पन्न अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. कुटुंबात बायको-मुलं आणि येणारे आईबाबा सगळे मोजायचे. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. मुलगा नोकरी कुठे करतो एवढं आईला ठाऊक असावं, पगाराचा आकडा पाठ करायची गरज नाही.

आता मुलाखत. प्रश्न साधे असतात: बोलावणारा कोण, त्याचा जन्म कधीचा, मुलं किती, पूर्वी तिकडे गेला होता का, किती दिवस राहिला. मराठीत बोलायची सोय असते. घरी तालीम घेताना उत्तरं पढवू नका. आई-बाबा एकमेकांकडे बघत बोलतात, आणि बाबा आईच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देतात, हे मात्र आधीच थांबवा. फोटो दोन बाय दोन इंचांचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून घरच्यांचे नंबर कागदावर लिहून द्या. ठाण्याहून लोकलने कुर्ला आणि पुढे रिक्षा. वाशीकडून हार्बरनेही कुर्लाच.

एखादा कागद कमी पडला तर २२१(जी)ची चिठ्ठी देतात. तो कायमचा नकार नव्हे. चिठ्ठीवर मागितलेलं वर्षभराच्या आत द्यायचं, नाहीतर अर्ज आणि फी पुन्हा. पण ही चिठ्ठी आईच्या पर्समध्ये देवाच्या अंगाऱ्याबरोबर घडी होऊन राहते आणि मुलाला महिन्याभराने कळतं. ते बाहेर आल्या आल्या, रिक्षात बसायच्या आधी, न्यायला आलेल्याने आपल्या मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो काढून मुलाला पाठवावा.