वेगळी चूल : एअर इंडिया एक्सप्रेस आणि स्वस्त उपकंपन्यांची पार्श्वभूमी

२९ एप्रिल २००५ रोजी तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला एक बोइंग ७३७-८०० उडालं. विमानावर नाव एअर इंडिया एक्सप्रेसचं होतं, परवाना मात्र एअर इंडिया चार्टर्स लिमिटेडचा, म्हणजे १९७१ साली स्थापन झालेल्या उपकंपनीचा होता. पहिलं उड्डाण मुंबईहून नव्हतं, दिल्लीहूनही नव्हतं. ही कंपनी का टिकली आणि तिच्यासारख्या डझनभर इतर का बुडाल्या, याचं निम्मं उत्तर त्या एका मार्गात आहे.

मोठ्या विमान कंपनीने स्वस्त उपकंपनी काढायची ही कल्पना दर काही वर्षांनी नव्याने सुचते. कारण साधं असतं. कोणीतरी कमी भाड्याचा प्रतिस्पर्धी मार्गावर उतरतो आणि मोठ्या कंपनीची मागची आसनं रिकामी जायला लागतात. मग संचालक मंडळात कोणीतरी म्हणतं, आपणही एक स्वस्त कंपनी काढू. इथेच बहुतेकांची गफलत होते. भाडं कमी ठेवणं एका रात्रीत जमतं, खर्च कमी करायला वर्षं लागतात.

खर्च नेमका कुठे कमी होतो ते आकड्यांत पाहू. बिझनेस क्लास ठेवलेल्या ७३७-८०० मध्ये १६२ आसनं धरा. तो काढून सगळीकडे एकसारख्या रांगा लावल्या तर १८९ बसतात. उड्डाणाचा एकूण खर्च तोच राहिला, तरी दर आसनामागचा खर्च सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. आपल्याकडे दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी लागतो, म्हणजे १८९ आसनांनाही चौघं पुरतात. पुढच्या वर्गाची सरबराई असेल तर हा आकडा वाढतो. दुसरी बचत जमिनीवरच्या वेळेत. विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत एक तास लागत असेल आणि तो अर्ध्या तासावर आणला, तर दिवसाला सहा उड्डाणं करणाऱ्या विमानाचे मधल्या पाच थांब्यांत अडीच तास वाचतात. तेवढ्यात मुंबई-गोव्यासारखं एक जादा उड्डाण निघू शकतं. विमानाचं भाडं आणि विमा दोन्ही तेवढेच राहतात, तिकिटं मात्र जास्त विकली जातात. तिसरी बचत एकाच जातीच्या विमानांमुळे होते : वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, सिम्युलेटर, अभियंत्यांचे परवाने, सगळं एकदाच. चौथी आणि सगळ्यांत अवघड बचत म्हणजे वेगळे वेतनकरार.

या चौथ्या गोष्टीवर अमेरिकेतल्या कंपन्या एकामागून एक आपटल्या. तिथे साउथवेस्टने १९७१ मध्ये टेक्ससच्या तीन शहरांमध्ये ७३७ विमानांनी सेवा सुरू केली होती आणि वरच्या सगळ्या बचती तिने मुळापासूनच अंगी बाणवल्या होत्या. तिला उत्तर म्हणून कॉन्टिनेंटलने १९९३ मध्ये कॉन्टिनेंटल लाइट काढली. विमानं निरनिराळ्या जातींची, माणसं तीच, जेवण तेवढं काढलं. १९९५ मध्ये ती गुंडाळावी लागली. युनायटेडची शटल १९९४ ते २००१ चालली, यूएस एअरवेजची मेट्रोजेट १९९८ ते २००१. डेल्टाने आधी डेल्टा एक्सप्रेस काढली, मग २००३ मध्ये तिच्या जागी साँग आणली. १९९ आसनांची बोइंग ७५७ विमानं, चामड्याची आसनं, प्रत्येकासमोर पडदा, नामांकित डिझायनरने बेतलेला गणवेश. प्रवासी खूश होते. पण विमान उडवणाऱ्या वैमानिकाचा पगार डेल्टाच्याच कराराने ठरत होता. २००६ मध्ये साँग डेल्टातच विरली. युनायटेडची टेड २००४ मध्ये आली आणि इंधन भडकल्यावर २००९ च्या सुरुवातीला संपली. नाव, रंग, जाहिराती सगळ्यांच्या वेगळ्या होत्या. चूल मात्र एकच होती.

ब्रिटिश एअरवेजने हा धडा नीट घेतला. मे १९९८ मध्ये तिने गो ही कंपनी लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून सुरू केली. हीथ्रोपासून लांब, वेगळं व्यवस्थापन, प्रमुख बार्बरा कसानी. (पहिल्याच उड्डाणात ईझीजेट या प्रतिस्पर्धी स्वस्त कंपनीचे संस्थापक स्टेलिओस आपल्या माणसांसह तिच्या नारिंगी रंगाच्या कपड्यांत जाऊन बसले होते. भांडण गंमतीचं, पण खरं होतं.) गो चांगली चालली, आणि नेमकं तेच अवघड झालं. ती प्रतिस्पर्ध्यांची गिऱ्हाइकं खायची तशी आईचीही खायला लागली. २००१ मध्ये ब्रिटिश एअरवेजने ती विकली आणि पुढच्याच वर्षी ईझीजेटने ती ३७.४ कोटी पौंडांना घेतली.

ज्याचं सगळे उदाहरण देतात ते ऑस्ट्रेलियातलं. क्वांटासने २००१ मध्ये इम्पल्स ही छोटी कंपनी विकत घेतली होती. तिची माणसं, तिचे कमी खर्चाचे करार आणि तिची बोइंग ७१७ विमानं हाच जेटस्टारचा पाया झाला. २५ मे २००४ रोजी ती उडाली. घरात बसून नवा कमी पगाराचा करार लिहायला संघटना कधीच तयार होत नाहीत; बाहेरची छोटी कंपनी विकत घेतली की तो करार तयारच मिळतो. शिवाय कामाची वाटणी झाली. सुट्टीवर जाणाऱ्यांचे मार्ग जेटस्टारला, व्यवसायासाठी फिरणाऱ्यांचे क्वांटासला. तरीही परदेशी शाखांत हे सूत्र दर वेळी जमलं नाही : हाँगकाँगमध्ये जेटस्टारला परवानाच मिळाला नाही आणि सिंगापूरची जेटस्टार एशिया जुलै २०२५ अखेर बंद झाली.

आपल्याकडे पहिला प्रयोग इंडियन एअरलाइन्सने १९९६ मध्ये केला. अलायन्स एअर ही उपकंपनी काढली आणि तिला स्वतःची जुनी ७३७-२०० विमानं दिली. आईची जुनी साडी लेकीला, असाच हा प्रकार. जुनं विमान फुकट मिळालं तरी इंधन आणि दुरुस्ती जास्त खातं, म्हणजे स्वस्त सेवेच्या नेमकं उलट.

खरी गडबड २००३ नंतर झाली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली. २००५ च्या मे महिन्यात स्पाइसजेट, नोव्हेंबरमध्ये गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो आली. मोठ्यांना उत्तर देणं भाग होतं, आणि जेट एअरवेज व किंगफिशर या दोघांनीही विकत घेण्याचा रस्ता धरला. जेट एअरवेजने एप्रिल २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटींना घेऊन तिचं जेटलाइट केलं. मे २००९ मध्ये जेट कनेक्ट नावाचा आणखी एक प्रकार काढला, ज्यात जेटचीच विमानं आणि जेटचेच कर्मचारी होते, फक्त जेवण विकत. एका कंपनीत आता तीन तऱ्हेची सेवा झाली. खिडकीवरच्या माणसालाही प्रवाशाला समजावताना घाम फुटायचा, आणि खर्च कुठेच कमी झाला नाही. २०१४ मध्ये जेटने हे स्वस्त नाव मोडीत काढलं. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटच जमिनीवर आली.

किंगफिशरचा हिशेब निराळा होता. परदेशी उडायला देशात पाच वर्षं सेवा आणि वीस विमानं हवीत, असा तेव्हा नियम होता. किंगफिशरची सेवा २००५ पासूनची. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. २००७ मध्ये डेक्कनचा २६ टक्के वाटा सुमारे ५५० कोटींना घेतला गेला, आणि सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशर बेंगळुरूहून लंडनला उडाली. डेक्कनचं झालं किंगफिशर रेड. ज्या कंपनीने प्रवाशाला एका रुपयाचं तिकीट दाखवलं, तिच्यावर आता महाग कंपनीचा खर्च चढला. सप्टेंबर २०११ मध्ये स्वस्त सेवा बंद करण्याची घोषणा झाली. वर्षभरात मूळ कंपनीही थांबली. कमी खर्चाचं मॉडेल तिने कधी विकत घेतलंच नव्हतं, तिने परवान्याचं वय घेतलं होतं, असंच म्हणावं लागेल.

या सगळ्यांत एअर इंडिया एक्सप्रेस वेगळी पडली ती मार्गांमुळे. केरळ आणि मंगळूर पट्ट्यातून आखातात कामाला जाणारा प्रवासी हे तिचं गिऱ्हाईक. खासगी भारतीय कंपन्यांना २००४ च्या शेवटी परदेशी उड्डाणांची परवानगी मिळाली, तरी आखात आणखी काही वर्षं सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवलं होतं. स्पर्धा होती ती शारजाहच्या एअर अरेबियासारख्यांशी. साडेतीन-चार तासांचं अंतर ७३७ ला सोयीचं, एका रात्रीत जा-ये होते. देशांतर्गत उड्डाणात इंधनावर राज्याचा व्हॅट लागतो (मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला), आखातात भरलेल्या इंधनावर तो नसतो. उत्पन्नाची बाजू मात्र पाठ्यपुस्तकासारखी नव्हती. दोन वर्षांनी घरी येणाऱ्या माणसाकडून बॅगेचे वेगळे पैसे मागून चालत नाही, म्हणून मोफत सामानाचा वाटा मोठा ठेवावा लागला. भाड्याच्या विमानांनी सुरुवात झाली. एअर इंडियाच्या ६८ बोइंग विमानांच्या मोठ्या खरेदीत १८ नवी ७३७-८०० तिच्यासाठी होती. नवी विमानं, एकच जात. २०१३ मध्ये मुख्यालयही मुंबईहून कोचीला नेलं.

काटकसर कुठे करू नये हेही याच कंपनीने दाखवलं. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या पठारी धावपट्टीवरून विमान खाली घसरलं, २१ जण गेले. वैमानिकांनी अस्थिर अवतरण सोडून पुन्हा वर जायला हवं होतं, हे चौकशीतलं मुख्य कारण. पण त्याच अहवालात हेही आहे की कोळिकोडला २६ सहवैमानिक नेमलेले होते आणि कॅप्टन एकच. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर लागलेलं होतं. मनुष्यबळाच्या तक्त्यातली एवढीशी कमतरता शेवटी धावपट्टीच्या टोकाशी दिसते.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा त्यांच्याकडे दुसरी स्वस्त कंपनी आधीच होती. १२ जून २०१४ रोजी बेंगळुरूहून गोव्याला उडालेली एअरएशिया इंडिया. दोन्ही एकत्र करायचं ठरलं आणि १ ऑक्टोबर २०२४ ला कायदेशीर विलीनीकरण झालं. अडचण अशी की एकीकडे बोइंग ७३७, दुसरीकडे एअरबस ए-३२०. वैमानिक एकमेकांची विमानं उडवू शकत नाहीत, सुट्या भागांची दोन गोदामं लागतात. वाढीसाठी घेतलेली ७३७ मॅक्स विमानं बरीचशी इतर कंपन्यांसाठी बांधून पडून राहिलेली होती, त्यांत पुढे मोठ्या आसनांच्या रांगा होत्या. ती आसनं काढायला वेळ जातो, म्हणून त्यांची तिकिटं विकायलाच सुरुवात झाली. स्वस्त कंपनीत बिझनेस क्लास, हा योगायोगाने जन्मलेला प्रकार आहे. वेतन आणि सेवाशर्ती जुळवताना मे २०२४ मध्ये दोनशेहून अधिक केबिन कर्मचारी एकदम आजारी पडले, एका दिवसात ऐंशीच्या आसपास उड्डाणं रद्द झाली. बडतर्फ केलेल्या २५ जणांना दोन दिवसांत परत घ्यावं लागलं.

आता वाटणीचा प्रश्न मुंबईत आला आहे. नवी मुंबई विमानतळासाठी एअर इंडिया गटाने मूळ कंपनीऐवजी एक्सप्रेसला पुढे केलं आणि सुरुवातीला रोज २० उड्डाणं, १५ शहरांना, असं जाहीर केलं. आईपासून वेगळा विमानतळ म्हणजे वेगळी चूल, गो आणि स्टॅनस्टेडसारखी. पण एक्सप्रेसने नवी मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला पुढे एअर इंडियाचं लंडनचं विमान धरायचं असेल, तर बॅगा पट्ट्यावरून उचलून, टॅक्सी करून, खाडी ओलांडून त्याने मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचायचं आहे.