‘सोबत कोण?’: एकट्या बाईच्या परदेशप्रवासाची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळच्या एखाद्या घरात मुलीने, सुनेने वा आईने एकटीने परदेशी जाण्याचा बेत बोलून दाखवला की पहिला प्रश्न येतो तो ‘सोबत कोण?’ हाच. तिकीट, व्हिसा आणि तिथली थंडी यांची चौकशी त्यानंतर होते. हा प्रश्न केवळ काळजीपोटी विचारला जातो असे समजणे अपुरे ठरेल, कारण तो घरातल्या माणसांच्या तोंडी येतो तसाच सरकारी अर्जांत, न्यायालयांच्या निकालांत आणि धर्मशास्त्राच्या चर्चेतही दीडशे वर्षे उमटत आला आहे. बायकांच्या स्वतंत्र जगप्रवासाबद्दल आज जे लिहिले-बोलले जाते, त्याच्या मागची हकीकत बऱ्याच अंशी या एका प्रश्नाचीच आहे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तिची उजळणी येथे करत नाही. त्यातली एकच गोष्ट या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावी. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघण्यापूर्वी, फेब्रुवारीत, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले. लोक त्यांना जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी एकेक करून घेतले, आणि त्यांपैकी एक प्रश्न ‘मी एकटी का जाते?’ हा होता. पतीवर घरच्या माणसांचा भार आहे, हे त्यांच्या उत्तराचे सूत्र होते. एकटे जाण्यात गैर काय, असे उलट विचारण्याची मुभा अठरा वर्षांच्या विवाहितेला त्या काळी नव्हती. प्रत्यक्षातही ओळखीतल्या गोऱ्या स्त्रियांची सोबत पाहूनच त्यांना बोटीवर बसवण्यात आले. त्याच वर्षी पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला पोहोचल्या, पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या आणि जपान, हाँगकाँग असे फिरून १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला परतल्या. त्यानंतर महिनाभरात त्यांनी विधवांसाठी शाळा उघडली. वर्गणी कशी जमवायची, शाखा कशा बांधायच्या, सभा कशी चालवायची हे अमेरिकन बायकांच्या संस्थांतून जवळून पाहिलेले शिक्षण तिथे कामी आले. एकट्या बाईचा प्रवास तिला काय शिकवतो याचे मराठीतले हे पहिले सविस्तर उत्तर आहे, आणि माझ्या मते ते अजूनही सर्वांत भरीव आहे.

पासपोर्ट सर्वांना सक्तीचा झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, आणि सोबतीचा प्रश्न कागदावर छापला गेला तोही तेव्हाच. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या पासपोर्टात धारकाच्या वर्णनाशेजारी ‘पत्नी’ असा दुसरा रकाना असे. उंची, डोळ्यांचा रंग, ओळखीची खूण हा तपशील दोघांचा लिहिला जाई आणि पत्नीचे छायाचित्रही पतीच्या पुस्तिकेतच चिकटवले जाई. त्या पुस्तिकेवर पती एकटा जाऊ शके, पत्नीला मात्र एकटीने प्रवास करता येत नसे.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणे न देणे बरीच वर्षे सरकारच्या मर्जीवर राहिले. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. तरीही १९७७ मध्ये ‘सार्वजनिक हित’ एवढेच कारण देऊन मनेका गांधी यांचा पासपोर्ट जप्त करण्यात आला आणि जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाला सांगावे लागले की असा हक्क काढून घेण्याची पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. घटनेच्या अभ्यासकांना हा खटला तोंडपाठ असतो. त्यातली याचिकाकर्ती स्त्री होती ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी ठळकपणे मांडतो.

त्या काळात सामान्य घरांना परदेश दूर होता तो मुख्यतः पैशामुळे. सहलीसाठी ५०० डॉलर मिळत, तेही काही वर्षांतून एकदा. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये परवानगी असलेल्या कोणत्याही कारणासाठी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली आणि आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. बाईच्या नावावर स्वतंत्र बँक खाते आणि तिचे स्वतःचे उत्पन्न असल्याशिवाय या मुभेचा तिला उपयोग नसतो, एवढे सांगून पुढे जावे.

या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीची, आणि बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटणारी बाब आहे ती नावाची. महाराष्ट्रात स्त्रीचे पूर्ण नाव तीन पदरी असते: तिचे नाव, मधले नाव, आडनाव. लग्नाआधी मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. अनेक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. माहेरच्या यमुनेची सासरी आनंदी झाली ती याच रीतीने. रूढी म्हणून हे लग्नघरापुरते राहिले असते, परंतु पासपोर्टला प्रत्येक अक्षर जुळलेले लागते. दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, शिधापत्रिका सासरच्या नावाची, पॅनकार्डावर मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर, बँकेत दोन्हींचे मिश्रण, अशी अवस्था लाखो घरांत आहे. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि त्यांच्या साक्षांकित प्रती गोळा कराव्या लागतात. माझ्या स्वतःच्या पासपोर्टाच्या नूतनीकरणाच्या वेळी, दहावीच्या दाखल्यावरील आडनावात एक काना कमी निघाला म्हणून मला खिडकीवरून परत पाठवण्यात आले. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या सकाळी फायली छातीशी धरून बसलेल्या सहा जणींपैकी चौघींची अडचण लग्नानंतरच्या नावाचीच होती. शेजारी उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एकाचीही ती नव्हती.

डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र खात्याने नियम सैल केले. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेल, विवाहाच्या दाखल्याची सक्ती राहणार नाही, घटस्फोटितेला पूर्वीच्या पतीचे नाव द्यावे लागणार नाही, पंधरा जोडपत्रांऐवजी नऊच राहतील आणि तीही साध्या कागदावर स्वतः सही करून चालतील, असे जाहीर झाले. लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदलण्याची गरज नाही, असे एप्रिल २०१७ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितले. हे निर्णय योग्य दिशेचे होते याबद्दल शंका नाही. मात्र ज्या पानामुळे ही सारी गुंतागुंत होते ते शेवटचे पान, म्हणजे वडील, आई, जोडीदार आणि पत्ता यांचे पान, कायम राहिले. जानेवारी २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात ते पान छापणे बंद करण्याचे ठरले होते. एकल मातांना आणि दत्तक मुलांना होणारा त्रास हे त्यामागचे एक कारण होते. परंतु त्याच घोषणेत, कमी शिकलेल्या ज्या लोकांना नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते त्यांच्यासाठी नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट काढण्याचाही बेत होता. मजुरांवर असा शिक्का मारण्यास मोठा विरोध झाला, तो रास्तच होता, आणि ३० जानेवारीला दोन्ही निर्णय एकदमच मागे घेतले गेले. नारिंगी पुस्तिका टळली याचे स्वागत झाले. तिच्याबरोबर शेवटचे पान वाचले आणि त्यावरचा जोडीदाराचा रकानाही वाचला, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. या दोन प्रश्नांची एकत्र मोट बांधायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियम आणि खिडकी यांच्यातले अंतर किती असते हे जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणात दिसले. पतीशी घटस्फोटाचा वाद चालू असलेल्या एका स्त्रीने पासपोर्टासाठी अर्ज केला, तेव्हा जोडपत्रावर पतीची सही आणा असे तिला सांगण्यात आले. पत्नीला पासपोर्टासाठी पतीच्या परवानगीची किंवा सहीची गरज नाही, लग्नामुळे तिची स्वतंत्र ओळख पुसली जात नाही, असे न्यायालयाने बजावले. आनंदीबाईंनंतर १४२ वर्षांनी हे वाक्य निकालात लिहावे लागले. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावणे राज्य सरकारने सक्तीचे केले, पण विवाहित स्त्रीच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावण्याची पद्धत तशीच ठेवली. मधल्या नावाचा गुंता पुढच्या पिढीपर्यंत चालणार, असाच याचा अर्थ आहे.

बाईच्या प्रवासावर नियमाने उघडपणे घातलेली अट आजही आढळते. ईसीआर (नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी आवश्यक) शिक्क्याच्या पासपोर्टावर, म्हणजे साधारणपणे दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर, आखातासह १८ देशांत घरकामाला जाण्याची मंजुरी ३० वर्षांखालच्या स्त्रीला मिळत नाही. फसवणुकीपासून संरक्षण हा त्यामागचा हेतू आहे. परंतु ज्यांना जायचेच असते त्या दलालामार्फत आडमार्गाने जातात आणि मग त्यांची नोंद कुठेच राहत नाही, हा आक्षेपही तितकाच जुना आहे. मुंब्रा, राबोडी, भिवंडी या भागांतल्या बायकांच्या दृष्टीने मोठा बदल २०१८ मध्ये झाला. मेहरम, म्हणजे पती किंवा विवाहास निषिद्ध असलेला जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत नसताना ४५ वर्षांवरील स्त्रियांना किमान चौघींच्या गटाने हजला जाण्याची परवानगी त्या वर्षी भारत सरकारने दिली. पहिल्या वर्षी सुमारे तेराशे जणींनी अर्ज केले. २०२३ मध्ये अशा यात्रेकरू बायका चार हजारांहून अधिक होत्या. दरम्यान २०१९ मध्ये सौदी अरेबियाने आपल्याच २१ वर्षांवरील स्त्रियांना पालक पुरुषाच्या संमतीशिवाय पासपोर्ट घेण्याची व प्रवासाची मुभा दिली होती.

पर्यटनाच्या भाषेत आज ‘सोलो’ हा शब्द रुळला आहे आणि त्याने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाठीवर सॅक घेतलेली पंचविशीतली मुलगी उभी राहते. फक्त बायकांच्या सहली मराठी पर्यटन व्यवसायाने लोकप्रिय केल्या, त्यांना ‘एकटीचा प्रवास’ म्हणावे की नाही यावरही वाद होतात. घर, नवरा, मुले यांच्याविना पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईला सहल व्यवस्थापक सोबत असला तरी ते पाऊल मोठेच असते, असे मला वाटते.

परंतु ठाणे-नवी मुंबईच्या घरांत पाहिले तर एकटीने जग ओलांडणाऱ्यांची मोठी फळी वेगळीच आहे आणि तिला कोणीही ‘सोलो’ म्हणत नाही. नव्वदच्या दशकात संगणकाच्या नोकऱ्यांमुळे इथल्या मुली-सुना अमेरिकेत गेल्या आणि त्यांच्या बाळंतपणासाठी इथल्या आया निघाल्या. वडिलांना रजा नसे किंवा तिकिटाचे पैसे एकाचेच असत, म्हणून जन्मात पुण्यापलीकडे एकट्या न गेलेल्या बायका सहार विमानतळावरून एकट्याच आत शिरल्या. आमच्या नौपाड्यातल्या मावशीच्या पर्समध्ये जावयाने मोठ्या अक्षरांत लिहून दिलेली चिठ्ठी असे: ‘मला फ्रँकफर्टला विमान बदलायचे आहे. मला इंग्रजी येत नाही. कृपया दार दाखवा.’ खाली तेच इंग्रजीत. पायांनी धडधाकट असूनही तिने व्हीलचेअर मागितली होती, कारण खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर योग्य दारापाशी नेतो, हे तिला शेजारणीने सांगितले होते. डिंकाचे लाडू सामानात होते आणि तिकडच्या तपासणीत त्यांचे काय सांगायचे याची उजळणी तिने घरी चार वेळा केली होती.

परतीच्या प्रवासात मावशीने चिठ्ठी बाहेर काढलीच नाही. पाटीवरचे आकडे आणि बाण पाहून ती चालत गेली. प्रवास बायकांना काय शिकवतो या प्रश्नाला धैर्य, आत्मविश्वास अशी मोठी उत्तरे दिली जातात. माझ्या पाहण्यात आलेले शिक्षण त्याहून बारीक आणि टिकाऊ आहे: फलक वाचून वाट काढणे, परक्या नोटा हातात मोजून बाकी परत मागणे, अनोळखी माणसाला नकार देणे, हॉटेलात एकटीने टेबलाशी बसून सावकाश जेवणे, आणि चुकले तर कोणाला न विचारता चूक निस्तरणे. मावशीने परतल्यावर पहिले काम केले ते बँकेतल्या संयुक्त खात्याशिवाय स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते उघडण्याचे.

अर्थात ही तयारी बोटीवर किंवा विमानात सुरू होत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यालाच आली, ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची पहिली लोकल धावली, आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. लेडीज डब्यात गर्दीतून दारापर्यंत पोहोचणे, चौथ्या सीटसाठी भांडणे, रात्री साडेअकराच्या गाडीत कुठल्या डब्यात बसावे हे ठरवणे, या सवयी घेऊनच इथली बाई बँकॉकच्या किंवा लिस्बनच्या मेट्रोत शिरते.

अलीकडच्या घडामोडी वेगाने घडत आहेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने त्यापुढच्या महिन्यापासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, त्यामुळे पहिल्या एकट्या प्रवासासाठी या दोन देशांची निवड वाढली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे नेरुळ-पनवेलच्या बाईला पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री सहारपर्यंत जाण्याची गरज हळूहळू कमी होईल. रात्रीचा तो टॅक्सीचा प्रवास हेच आजवर अनेक घरांत ‘एकटी नको’ म्हणण्याचे कारण होते. पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर जोडीदाराच्या नावाची ओळ मात्र अजूनही छापून येते. आणि लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदलण्याची गरज आता नाही, हे आमच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या चौघींपैकी एकीलाही त्या सकाळपर्यंत कोणी सांगितले नव्हते.