रिअल फूड चॅलेंज

रिअल फूड चॅलेंज ही अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची चळवळ. विद्यापीठाच्या भोजनगृहासाठी होणाऱ्या खरेदीत जवळपासचे छोटे शेतकरी, शेतमजुरांची मजुरी, जमीन-पाणी आणि जनावरांचे हाल यांचा विचार व्हावा, ही तिची मागणी. बॉस्टनमधील 'द फूड प्रोजेक्ट' या संस्थेच्या पुढाकारातून ती २००८ साली सुरू झाली.

अमेरिकेत वसतिगृहात राहायचे तर, निदान पहिल्या वर्षी तरी, बहुतेक ठिकाणी 'मील प्लॅन', म्हणजे भोजनगृहातल्या जेवणाची योजना, घ्यावीच लागते. पैसे आगाऊ भरलेले असतात आणि स्वयंपाकघर अनेकदा सोडेक्सो, अ‍ॅरामार्क किंवा कंपास यांसारख्या कंपनीकडे कंत्राटाने असते. चळवळीने बोट ठेवले ते या पैशावर. विद्यापीठांचा अन्नखर्च वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर धरून त्यातला १ अब्ज २०२० पर्यंत 'खऱ्या अन्ना'कडे वळवण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी विद्यापीठ प्रमुखांकडून २० टक्के खरेदीची लेखी हमी घेण्यात येऊ लागली. व्हरमाँट विद्यापीठाने २०१२ मध्ये अशी हमी दिली.

हमी पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी 'रिअल फूड कॅल्क्युलेटर' तयार केला. काम किचकट. भोजनगृहाची बिले मिळवायची आणि एकेक ओळ तपासायची: टोमॅटो कुठल्या शेतातले, कॉफीवर फेअर ट्रेडचा, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव दिल्याचा, शिक्का आहे का, अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची का. स्थानिक, न्याय्य, पर्यावरणस्नेही आणि प्राण्यांना माणुसकीने वागवणारे, असे चार निकष. एक निकष पुरा झाला तर माल 'ब' वर्गात, दोन किंवा अधिक झाले तर 'अ' वर्गात. घोषणा देण्यापेक्षा हे हिशेबाचे काम जास्त परिणामकारक ठरले असे म्हणता येते, कारण बिलासमोर व्यवस्थापनाला मोघम उत्तर देता येत नाही. मात्र मोजमाप पैशात, म्हणजे डॉलरमध्ये होते, वजनात नाही. त्यामुळे स्वस्त पण भरपूर लागणारे धान्य हिशेबात लहान दिसते.

चळवळीची पूर्वपीठिका शेतमजुरांच्या लढ्यात आहे. फ्लोरिडातील इमोकली येथील टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी पौंडामागे एक सेंट वाढवून मागितला आणि २००१ मध्ये टाको बेल या फास्ट-फूड साखळीवर बहिष्कार पुकारला. विद्यार्थ्यांनी 'बूट द बेल' मोहीम काढून वीसहून अधिक शिक्षणसंस्थांमधून ही दुकाने हटवली किंवा येऊ दिली नाहीत. २००५ मध्ये मूळ कंपनी यम ब्रँड्सने मागणी मान्य केली. याच काळात येल विद्यापीठात प्रसिद्ध शेफ अ‍ॅलिस वॉटर्स यांच्या प्रेरणेने एका भोजनगृहात ताज्या, हंगामी जेवणाचा प्रयोग झाला. इतर वसतिगृहांतले विद्यार्थी तिथे बनावट ओळखपत्रे दाखवून शिरत, असे सांगतात.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वेगळी वाट धरली. आवारात पांडा एक्सप्रेस या फास्ट-फूड साखळीचे दुकान येणार म्हणून २००९ मध्ये विरोध झाला, आणि २०१० च्या अखेरीस विद्यार्थ्यांनी स्वतःच सहकारी किराणा दुकान उघडले.

अडचणी मुख्यतः कंत्राटांच्या रचनेत आहेत. मोठ्या उत्पादकांकडून घाऊक माल घेतला की कंत्राटदार कंपनीला परतावा मिळतो. छोटा शेतकरी तो देऊ शकत नाही. शिवाय विमा आणि सुरक्षा प्रमाणपत्रांचा खर्चही त्याला पेलवत नाही. विद्यार्थी मात्र चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, आणि बिले तपासण्याचे काम नव्या तुकडीला पहिल्यापासून शिकावे लागते.