ट्राउट हिमालयातली? नव्हे, पाहुणी!

मनालीहून परतलेला प्रत्येक जण सांगतो, 'तिथली अस्सल पहाडी ट्राउट खाल्ली.' चवीबद्दल वाद नाही, पण ती पहाडी नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपातली. इंग्रजांनी गळाच्या हौसेपायी तिची अंडी बोटीने आणवली. पहिला प्रयत्न फसला, 1900 च्या सुमारास ती काश्मिरात रुजली आणि पुढच्या दशकात कुलूच्या बियासमध्ये. इंद्रधनुषी ट्राउट तर मूळची अमेरिकेची.

घोळ 'स्नो ट्राउट' या नावाने झाला. तो स्थानिक असेला मासा, आपल्या रोहूच्या गोतावळ्यातला. खालच्या बाजूच्या तोंडाने दगडावरचं शेवाळ खरवडतो, त्यामुळे गळाला आमिष म्हणून लावलेल्या पिसांच्या खोट्या माशीला सहसा भुलत नाही. ओळखायचं कसं? पाठीच्या परापासून शेपटीकडे बोट फिरवा. मध्ये छोटा मांसल पर लागला तर ट्राउट.

पाहुणीने ऋतूंच्या सवयी मात्र सोडल्या नाहीत. तपकिरी ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालते, म्हणून हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळ बंद. पावसाळ्यात पाणी गढूळ, माशी दिसणार कुणाला? खरी मजा वसंतात, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, नितळ पाण्यात.