बायोटेकच्या कॉन्फरन्सेस: खरं काम हॉलच्या बाहेर

बायोटेक इंडस्ट्री कुठे सुरू झाली असं विचारलं तर बहुतेक जण एखाद्या लॅबचं किंवा कंपनीचं नाव सांगतील, पण माझ्या मते ती सुरू झाली एका कॉन्फरन्समधे, आणि तीसुद्धा हॉलमधे नाही तर सेशन संपल्यावर, खाता खाता.

नोव्हेंबर १९७२, होनोलुलू. अमेरिकन आणि जपानी शास्त्रज्ञांची प्लाझ्मिडवर मीटिंग होती, प्लाझ्मिड म्हणजे बॅक्टेरियात असणारं डीएनएचं छोटं कडं. स्टॅनफर्डच्या स्टॅन्ली कोहेनला ही कडी बॅक्टेरियात घालायची पद्धत जमली होती, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट बॉयरकडे डीएनए ठराविक जागी कापणारं एन्झाइम होतं. संध्याकाळी दोघं खायला गेले, तिथे गप्पा झाल्या, आणि एकाची कात्री दुसऱ्याच्या कड्यावर चालवून बघू असं ठरलं. गंमत म्हणजे दोघांच्या लॅब एकमेकींपासून गाडीने तासाभरावर, पण हे बोलणं व्हायला समुद्र ओलांडावा लागला. पुढच्या काही महिन्यांत प्रयोग जमला, १९७३ मधे पेपर आला.

त्याआधीच जूनमधे गॉर्डन कॉन्फरन्समधे बॉयरने हे सांगून टाकलं होतं. या कॉन्फरन्सचा नियम असा की इथलं बोलणं इथेच राहणार, म्हणून तर लोक अर्धवट काम सुद्धा बिनधास्त दाखवतात. पण ऐकणाऱ्यांपैकी काही जण अस्वस्थ झाले, की उद्या कुणी कॅन्सरच्या व्हायरसचा जीन बॅक्टेरियात घातला आणि तो लॅबबाहेर गेला तर? मग मॅक्सिन सिंगर आणि डिएटर झोल या कॉन्फरन्सच्या अध्यक्षांनी जाहीर पत्र लिहिलं, १९७४ मधे पॉल बर्ग आणि इतर शास्त्रज्ञांनी काही प्रयोग थांबवा म्हणून आवाहन केलं, आणि फेब्रुवारी १९७५ मधे कॅलिफोर्नियात असिलोमारला सुमारे १४० जण जमले, शास्त्रज्ञ, वकील, पत्रकार सगळे. ठरलं ते असं की जितका धोका तितका बंदोबस्त, आणि असे कमकुवत बॅक्टेरिया वापरायचे जे लॅबबाहेर जगूच शकणार नाहीत. असिलोमारचं कौतुक खूप होतं, पण नैतिक प्रश्न आणि जैविक शस्त्रं हे विषय तिथे मुद्दाम बाजूला ठेवले होते हे कमी सांगितलं जातं.

१९७६ मधे त्यावरून सरकारी गाइडलाइन्स आल्या आणि त्याच वर्षी बॉयरने रॉबर्ट स्वॉन्सनबरोबर जेनेंटेक ही कंपनी काढली. नियम स्पष्ट असले की पैसा लावणाऱ्याला धीर येतो असं मला तरी वाटतं. १९७८ मधे बॅक्टेरियाकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं (तोवर ते डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढायचे), १९८२ मधे त्याला मान्यता मिळाली, आणि मधे १९८० मधे शेअर बाजारात जेनेंटेकचा ३५ डॉलरचा शेअर तासाभरात ८८ वर गेला.

इथून कॉन्फरन्सचा रंग बदलला. १९८३ मधे हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट या इन्व्हेस्टमेंट बँकेने सॅन फ्रान्सिस्कोत हेल्थकेअर कॉन्फरन्स सुरू केली, बँका विकत घेतल्या गेल्या, एकत्र झाल्या आणि आज तीच जेपी मॉर्गनची जानेवारीतली कॉन्फरन्स म्हणून ओळखली जाते. १९९३ मधे दोन संघटना मिळून बायो ही संघटना झाली आणि तिचं वार्षिक अधिवेशन सुरू झालं. तिथे पार्टनरिंग नावाचा प्रकार असतो, म्हणजे छोट्या छोट्या केबिन, घड्याळ लावून अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी, संपली की पुढची. होनोलुलूत जे योगायोगाने झालं त्याचं टाइमटेबल केलं म्हणा ना. हसू येतं, पण गरज खरी आहे, छोट्या कंपनीकडे नव्या औषधाचा रेणू असतो पण शेवटच्या मोठ्या ट्रायलचा खर्च झेपत नाही, मोठ्या कंपनीकडे पैसा असतो पण नवीन औषधं आटत चाललेली असतात, आणि या दोघांची गाठ पडली नाही तर चांगलं औषध फ्रीजमधेच राहतं.

डॉक्टरांच्या कॉन्फरन्सचं गणित वेगळं. २००५ मधे कॅन्सरतज्ज्ञांच्या आस्कोच्या अधिवेशनात हर्सेप्टिनचे निकाल दाखवले, एका विशिष्ट प्रकारच्या ब्रेस्ट कॅन्सरमधे ऑपरेशननंतर हे औषध दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येत होतं, अख्खा हॉल उठून टाळ्या वाजवत होता. या वापराला अमेरिकेत मान्यता २००६ च्या नोव्हेंबरमधे आली, पण कित्येक डॉक्टरांनी तेवढं थांबायची तयारी दाखवली नाही.

आणि नवीन कल्पना? त्या अजूनही छोट्या, विषयाला धरून असलेल्या मीटिंगमधेच जुळतात. २०११ मधे प्वेर्तो रिकोतल्या सॅन हुआनला मायक्रोबायोलॉजीच्या मीटिंगला जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए या शास्त्रज्ञ भेटल्या, २०१२ मधे क्रिस्परचा, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्राचा, पेपर आला, २०२० मधे नोबेल. मधे २०१८ मधे हाँगकाँगच्या जीन एडिटिंग समिटमधे ‘हे जियानकुई’ या चिनी शास्त्रज्ञाने जुळ्या मुलींच्या जीन्समधे बदल केल्याचं स्टेजवरून मांडलं आणि जगभर खळबळ उडाली.

एकत्र जमण्याची दुसरी बाजू फेब्रुवारी २०२० मधे दिसली, बोस्टनमधे बायोजेन या बायोटेक कंपनीच्या साधारण १७५ जणांच्या मीटिंगमधून कोरोना पार दुसऱ्या देशांपर्यंत गेला. मग सगळं ऑनलाइन झालं, तरी जानेवारी २०२३ ला मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत परत हजर, कारण ठरलेली मीटिंग व्हिडिओवर होते, न ठरलेली होत नाही.

मार्च २०२३ मधे लंडनच्या जीन एडिटिंग समिटमधे व्हिक्टोरिया ग्रे बोलल्या, क्रिस्परने सिकलसेलवर (रक्ताचा आनुवंशिक आजार) उपचार घेतलेल्या पहिल्या काही पेशंटपैकी एक. त्याच समिटच्या शेवटच्या निवेदनात म्हटलं होतं की जीन थेरपीच्या सध्याच्या किमती परवडण्यासारख्या नाहीत. डिसेंबरमधे अमेरिकेत त्या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत २२ लाख डॉलर, आणि सिकलसेल घेऊन जन्मणारी बहुतेक मुलं आफ्रिकेतली आहेत.